मधलं दार

(दृश्य: इंदूर, सकाळचे सात. स्नेहलतागंजमधली एक जुनी गल्ली. कोपऱ्यावर पोह्यांच्या पातेल्यातून वाफ निघते आहे. कॅमेरा एका घराच्या बोळात शिरतो आणि एका लाकडी दारापाशी थांबतो.)

निवेदन:

हे दार आता उघडत नाही. पलीकडून भाडेकरूने कपाट लावलंय. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे तिकडे. अलीकडे आमचं स्वयंपाकघर.

१९७६ पासून चाळीस वर्षं हे दार दिवसभर उघडझाप करत होतं. पुढे आईचा बाळंतपणाचा दवाखाना, मागे घर. अलीकडे ती आमची आई, पलीकडे ती मॅडम. दाराला कडी फक्त पलीकडून होती. मुलांनी मध्येच आत येऊ नये म्हणून. लहानपणी मला या दाराचा मनस्वी राग होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही थोडं सांभाळून ऐकाल.

(दृश्य: अंगणातल्या दोन दोऱ्या. एका दोरीवर साड्या वाळताहेत.)

या दोन दोऱ्या. एकीवर आमचे कपडे, दुसरीवर रबरी हातमोजे. आता मोजे एकदा वापरले की फेकतात. तेव्हा ते धुवायचे, नळाखाली पाणी भरून भोक आहे का बघायचं, वाळवायचे, आतबाहेर पावडर लावायची, जोड्या जुळवून स्टीलच्या ड्रममध्ये रचायच्या आणि मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं. पाणी भरलं की मोज्याची पाच बोटं टम्म फुगायची. भोक असलं तर करंगळीतून बारीक धार लागायची. भोक शोधायचं काम आम्हा भावंडांचं. शेजारच्या पोरांना फुगे मिळायचे, आम्हाला हे.

दुपारी आजी कापूस घेऊन बसायची. आधी देवाच्या वाती, मग दवाखान्याचे बोळे. गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, कापून कडा आत दुमडायच्या आणि चौकोनी घड्या घालायच्या, एकही सुटा धागा बाहेर दिसता कामा नये. धागा जखमेत राहतो, हे आजीला आईने एकदाच सांगितलं होतं. पूजेचा कापूस वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा. त्यांची सरमिसळ आजीला खपायची नाही. आता यातला सोवळ्यातला कोणता, हे तिने कधी सांगितलं नाही.

हीच आजी लग्नानंतर पहिल्या महिन्यात सुनेवर रुसली होती. सवाष्णीने मंगळसूत्र काढून ठेवायचं? आईचं म्हणणं सरळ होतं. कोपरापर्यंत हात घासून धुवायचे तर बांगड्या राहणार कशा, आणि टेबलावर वाकलं की मंगळसूत्र लोंबणार कुठे? दोन दिवस सासू-सुनेत अबोला. तिसऱ्या दिवशी आजी बाजारातून एक पितळी डबी घेऊन आली. तळाला लाल मखमल. डबीला हळदकुंकू वाहिलं आणि या कोनाड्यात ठेवली.

(दृश्य: दाराशेजारचा कोनाडा. डबी अजून आहे. मखमल विटली आहे.)

चाळीस वर्षं मंगळसूत्र आणि बांगड्या या डबीत जायच्या आणि परत हातागळ्यात यायच्या. रिकामी डबी म्हणजे आई घरात. भरलेली असली तर हाका मारून उपयोग नाही. आम्ही आईला शोधायचो नाही, डबीचं झाकण उघडून बघायचो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. आनंदीबाई जोशी, रुखमाबाई.)

आपण मराठी माणसं बाई डॉक्टरांची गोष्ट सांगायला बसलो की आनंदीबाईंपासून सुरुवात करतो. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. वय बावीसही पुरं नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक ठरली होती, तिथे रुजू व्हायला दैवाने सवड दिली नाही. ही गोष्ट आपल्या तोंडपाठ आहे. रुखमाबाईंचा नांदायला न जाण्याचा खटलाही ठाऊक असतो. पण त्याच रुखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला मिळून पस्तीसेक वर्षं बायकांची बाळंतपणं करत राहिल्या, हे एका ओळीत उरकतात. खटला रंगवून सांगता येतो. पस्तीस वर्षांच्या ओपीडीत रंगवणार काय? मला विचाराल तर कस तिथेच लागतो.

इंदुरात मेडिकल स्कूल १८७८ पासूनचं. १८८४ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने एलिझाबेथ बीटी या डॉक्टर बाईंना इकडे धाडलं, दोन वर्षांनी मेरियन ऑलिव्हर आल्या. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही असा बायकांचा पडदा होता, तो काळ. मग १९४८ मध्ये महात्मा गांधी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या तुकडीत एक मुलगी होती. एकच.

(दृश्य: मेडिकल कॉलेजची इमारत. मागे एमवाय हॉस्पिटलचे सात मजले.)

डॉ. भक्ती यादव. जन्म १९२६, उज्जैनजवळच्या महिदपूरचा. घराणं मूळचं महाराष्ट्रातलं. मुलीला शिकवायचं तर गाव सोडणं भाग होतं, म्हणून वडिलांनी इंदूरच्या अहिल्याश्रम शाळेत घातलं. एमबीबीएस झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात त्यांनी वर्षानुवर्षं गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणं केली. ते बंद झाल्यावर घरातच ‘वात्सल्य’ सुरू केलं. म्हणजे त्यांच्याकडेही घर आणि दवाखाना एकाच छपराखाली. पैसे न घेता तपासणाऱ्या डॉक्टर म्हणून सारं शहर त्यांना ओळखायचं. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १४ ऑगस्टला त्या गेल्या, नव्वदी उलटल्यावर.

आई त्यांचा विषय निघाला की आवाज खाली आणते. पण फुकट तपासण्याबद्दल तिचं मत वेगळं आहे. ‘त्यांना जमलं, त्या मोठ्या. मला घर चालवायचं होतं.’ हे वाक्य वगळ, असं माझ्या भावाने सुचवलं होतं. मी ठेवलंय.

(दृश्य: एक जाड उधारीची वही. निळ्या शाईतलं अक्षर.)

ही आईची वही. एका बाळंतपणाचे दीडशे, दोनशे. कधी पैसे, कधी गहू, कधी ‘दिवाळीनंतर’. आमच्या गल्लीपासून गिरण्या जवळ, त्यामुळे पेशंटांतल्या निम्म्याअधिक जणींचे नवरे साच्यावर, म्हणजे मागावर, किंवा सूतखात्यात. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. वहीतल्या नोंदी त्यानंतर विरळ होत जातात आणि ९२ च्या उन्हाळ्यात थांबतात. बाळंतपणं थांबली नव्हती. आईने लिहायचं सोडलं होतं.

मिलच्या कामगारांची थकलेली देणी मिळाली २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षांनी. त्यानंतरच्या संक्रांतीला एक म्हातारी बाई विचारत विचारत आमच्याकडे आली. हातात तिळाचे लाडू आणि दोनशे रुपये. ‘मैडम, मुन्नी के टाइम के बाकी थे.’ आईला ना बाई आठवत होती, ना मुन्नी. वही काढून पाहिली, नाव नव्हतंच. आईने दोनशे रुपये मोजून घेतले. मी नंतर कुरकुरले, तशी म्हणाली, ‘बत्तीस वर्षं तिने लक्षात ठेवलं आणि मी तिला परत पाठवू?’

(दृश्य: मधल्या दाराचा जवळून टिपलेला काठ. तेलाचे, हळदीचे डाग.)

रागाचं सांगते.

माझा भाऊ चार वर्षांचा होता. रात्री दोन वाजता तापाने त्याला झटका आला. डोळे वर, दातखीळ, अंग ताठ. आजीने मधल्या दारावर थापा मारल्या. पलीकडे एका बाईची वेळ भरली होती, बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. आईने दार उघडलं नाही. आतूनच ओरडली, ‘कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका. कपडे काढा. घड्याळ बघा!’ आजीने त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळ मला बघायला लावलं. मी आठ वर्षांची. काटा दोनदा फिरला आणि भाऊ सैल पडून रडायला लागला. त्याच सुमाराला पलीकडूनही रडणं ऐकू आलं, कोवळं. पंधरा मिनिटांनी, वार पडल्यावर आई बाहेर आली. डबीकडे न बघता सरळ त्याच्याकडे गेली.

ती बरोबर वागली होती. दोन मिनिटांत थांबणारा तापाचा झटका बहुतेक वेळा पोराला काही करत नाही, आणि डोकं दिसत असताना बाळंतिणीला टाकून येता येत नाही. हे मला आता कळतं. पण दार उघडलं नाही, एवढंच त्या आठ वर्षांच्या मुलीच्या लक्षात राहिलं. मी डॉक्टर झाले नाही, त्याला हे एकच कारण नाही. पण आहे.

आईला मी याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते या कॅमेऱ्यासमोर. ती बराच वेळ पदराचा काठ चिमटीत धरून बसली. मग म्हणाली, ‘त्या रात्री टाके मी दोनदा घातले. पहिल्यांदा हात थरथरत होता.’

(दृश्य: एका ग्रुप फोटोवर कॅमेरा सरकतो. फोटोच्या काठावर पांढऱ्या साडीतल्या बाईचा अर्धाच चेहरा.)

या फोटोत अर्ध्या कापल्या गेलेल्या आहेत आमच्या सिस्टर. केरळहून आलेल्या. एकोणीस वर्षं त्या दारापलीकडे होत्या. त्यांची मुलगी तिकडे आजीकडे वाढत होती आणि त्या इथे आमच्या वेण्या घालत होत्या. मराठी शिकल्या, तीही आमच्या इंदुरी वळणाची. ‘पोळी खाऊन राहिली का बेबी?’ असं विचारायच्या. अल्बममध्ये त्यांचा पुरा फोटो एकही नाही. खूप शोधला.

आणि आमच्या दाई-मावशी. त्यांना पाचवा महिना लागला तेव्हा आई त्यांना जड बादली उचलू द्यायची नाही. पण पगारी रजा? कायदा १९६१ चा होता, २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली. पण दुकान-दवाखान्याला तो लागू व्हायचा दहा किंवा जास्त माणसं असतील तर. आमच्याकडे होती चार. मावशी सव्वा महिन्याने कामावर आल्या, बाळाला पदराखाली घेऊन. आई स्वतःचीच मालकीण, तिला कोण रजा देणार? आलेल्या प्रत्येकीला ती बजावायची, सव्वा महिना पुरा विसावा घ्या, डिंकाचे लाडू खा, जड उचलू नका. माझ्या वेळी ती एकविसाव्या दिवशी ओपीडीत बसली. केसपेपर साक्षीला आहेत.

एका मोठ्या हॉस्पिटलात तिने त्याआधी मुलाखत दिली होती. सर्जरीबद्दल दोन प्रश्न विचारले, मुलं कधी होणार याबद्दल पाच. नोकरी पुरुष उमेदवाराला मिळाली. हे घर-दवाखाना काढलं ते त्यानंतर. लोक समजतात, मुलांजवळ राहता यावं म्हणून काढलं. आईने लोकांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

(दृश्य: सकाळचे साडेआठ. फाटकापाशी स्कूटी थांबते. पाठीला सॅक लावलेली एक मुलगी उतरते.)

ही माझी भाची. त्याच भावाची मुलगी. स्त्रीरोग विभागात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात काम करत शिकणारी डॉक्टर. काल सकाळी गेली होती, आज येते आहे. रेसिडेंटला सलग बारा तासांहून जास्त काम सहसा देऊ नये असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

तिला विचारलं, दारांचं काय? ती हसली. त्यांच्या ड्युटी रूमच्या दाराला कडीच नव्हती. दाराला खुर्ची लावून झोपायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचा खून झाला, देशभर रेसिडेंट रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने टास्क फोर्स नेमला. त्याच आठवड्यात ड्युटी रूममधल्या चौघींनी वर्गणी काढून हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. वॉर्डातल्या फिटरने बसवून दिली. ‘आत्या, पण कडी लावली तर रात्री सिस्टरचा आवाज ऐकू येत नाही ना,’ ती म्हणते. म्हणून दर वेळी एक जण जागी राहते.

(दृश्य: स्वयंपाकघर. आई ओट्यापाशी पोहे भिजवते आहे. भाची मधल्या दाराला पाठ टेकून खालीच बसते, एक बूट काढलेला, दुसरा पायातच.)

घरी आलेल्या पोरीला कुणीही आधी विचारेल, खाल्लंस का? आमची आई विचारते, ‘किती झाल्या?’

‘सात.’

‘सिझर?’

‘दोन.’

‘आणि बाकीच्या?’

‘चार नॉर्मल. एकीला व्हॅक्यूम लावला, आजी. मी लावला. मॅडम नुसत्या शेजारी उभ्या होत्या.’

आईचा हात चाळणीवर थांबतो. ओले हात पदराला पुसत ती भाचीसमोर पाटावर बसते.

‘टाके किती आले?’

भाची बोटं मोजायला लागते. पोहे भिजून फुगताहेत. कोनाड्यातली डबी कुणीतरी उघडीच ठेवली आहे.