प्लेटलेट्स जातात कुठे?

[पडद्यावर: तान्ह्या बाळाची मांडी, जवळून]

मांडीवर जांभळट सूज. बोट टेकवलं तर गरम, टणक. कातडी ताणून चकाकतेय. बाकीच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्ताचा रिपोर्ट येतो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, २५ हजारांच्याही खाली. हव्यात दीड लाखाच्या वर.

गेल्या कुठे? त्या सुजेतच. ती सूज म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. आतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत त्या अडकून पडतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिनही तिथेच खर्ची पडतं.

न्यूयॉर्कच्या कासाबाख आणि मेरिट या डॉक्टरांनी असं एक बाळ १९४० साली नोंदवलं. पुढची पन्नासेक वर्षं ठपका राहिला तो बाळांना सर्रास होणाऱ्या लालबुंद हिमॅन्जिओमावर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीवर. करामत दुसऱ्याच गाठीची होती. तिला १९९३ मध्ये नाव मिळालं, कापोसिफॉर्म हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा. डॉक्टर नुसतं केएचई म्हणतात. ही गाठ दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण जिथे असते तिथे कातडीखालून स्नायूंत, कधी हाडापर्यंत घुसते. कडाच सापडत नाहीत. मग कापायचं कुठून?

हा फरक नुसता कागदोपत्री नाही. साध्या हिमॅन्जिओमावर प्रोप्रानोलॉल हे औषध छान चालतं, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं. केएचईत त्याच्या भरवशावर राहिलं, तर मोलाचे दिवस हातचे जातात.

[पडद्यावर: प्लेटलेट्सची पिवळसर पिशवी]

आकडा पाहून पहिला हात जातो या पिशवीकडे. साहजिक आहे. पण चढवलेल्या प्लेटलेट्सही गाठच गिळते, आणि आणखी फुगते. म्हणून प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल, तरच पिशवी लावायची. आईवडिलांना हे समजावणं डॉक्टरांना फार जड जातं.

पूर्वी भिस्त होती स्टेरॉइड आणि दर आठवड्याला शिरेतून दिल्या जाणाऱ्या व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधावर. २०१० च्या सुमारास सिरोलिमस हे औषध आलं. त्याचं मूळ ईस्टर बेटावरच्या मातीत, १९६४ मध्ये गोळा केलेल्या. त्या मातीतल्या जिवाणूपासून औषध काढलं कॅनडातल्या माँट्रियलमध्ये शास्त्रज्ञ सुरेन सहगल यांनी. जन्म फाळणीपूर्व पंजाबातला, शिक्षण बनारसचं. त्यांच्या कंपनीने हे काम गुंडाळलं, तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपले. औषध बाजारात आलं ते मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी. बाळांच्या गाठींचा तेव्हा कुणाला विचारही नव्हता.

[पडद्यावर: आईच्या हातातली छोटी सिरिंज]

नवजात बाळाचा सिरोलिमसचा एक डोस मिलिलिटरच्या पाचव्या भागाएवढाही नसतो. गाठ जोरात असेल, तर सुरुवातीला जोडीला स्टेरॉइड. औषधाची रक्तातली पातळी पुन्हापुन्हा मोजावी लागते. प्रतिकारशक्ती दबते, म्हणून न्यूमोनिया टाळायला कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देतात; जिवंत विषाणूंच्या लसी थांबवतात. साधा तापही अंगावर काढायचा नाही.

प्लेटलेट्स सावरल्या तरी गाठ पुरती जात नाही. आत घट्ट तंतू राहतात. पाय दुखतो, सांधा आखडतो. औषध हळूहळू कमी करतात. दुखणं परतलं, तर पुन्हा सुरू. फिजिओथेरपी आणि तपासण्या मूल शाळेत जायला लागलं तरी चालूच असतात.