लेखनाचं वर्ष: आधी आठवडे मोजा

मंडळी, नमस्कार. तिळगूळ सगळ्यांना पोचला असेलच.

आपल्याकडे संकल्प 'सोडतात', पळीभर पाण्याबरोबर. लेखनाचा संकल्प मात्र बहुतेकजण फेब्रुवारीत अगदी शब्दशः सोडतात. आळसाला उगाच बोल लावला जातो. बऱ्याचदा मुळात हिशेबच चुकलेला असतो. 'यंदा कादंबरी', 'रोज हजार शब्द' ही उद्दिष्टं कॅलेंडर न उघडताच ठरतात.

तर हिशेब मांडू. वर्षाचे आठवडे 52. आपण परदेशात राहतो, तेव्हा भारतवारीचे 4 वजा करा. पोरांच्या उन्हाळी सुट्टीचे 4, गणपतीच्या नाटकाच्या तालमींचे 3 आणि आजारपण, पाहुणे, ऑफिसची धावपळ यांचे मिळून 3. उरले 38. आठवड्याला पाऊण तासाच्या दोन बैठका धरल्या, तर वर्षभरात 76 बैठका, म्हणजे 57 तास. नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्याच्या हातात एवढंच असतं, आणि ते कमी नाही. यातल्या निम्म्या बैठका पुनर्लेखनाला द्या. ही अर्धी वाटणी लोक हमखास विसरतात आणि डिसेंबरात हाती अर्धवट मजकुरांची चळत उरते. राहिलेल्या 38 बैठकांत दर वेळी 300 शब्द धरले, तर 11,400 शब्द नवे होतात. त्यात 1,200 शब्दांचे चार ललित लेख आणि 4,000 शब्दांची एक कथा बसते. वरचे अडीच हजार शब्द कापण्यात जातील, जाऊ द्या.

बैठक बुडाली तर तिची थकबाकी पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. तीन बैठका बुडाल्या आणि चौथ्या दिवशी 1,200 शब्दांचं देणं समोर आलं, की माणूस वहीच उघडत नाही. बुडालेली बैठक बुडाली. म्हणून वहीत शब्दांपेक्षा बैठकांची नोंद ठेवा. 'अमुक अंकात छापून येणं' हेही उद्दिष्ट म्हणून लिहू नका, ते संपादकाच्या हातात आहे. 'तीन ठिकाणी पाठवणं' लिहा.

शब्दसंख्येचे परदेशी आकडेही जपून घ्या. अमेरिकेत 1999 साली सुरू झालेल्या 'नॅनोरायमो' या कादंबरीलेखनाच्या उपक्रमाने महिन्यात 50,000 शब्दांचं, म्हणजे रोज सुमारे 1,667 शब्दांचं वेड लावलं. तो चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली, तरी आकडा फिरतोच आहे. पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घरासमोरूनसुद्धा' हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याला सात लागतात. मराठीत हजार शब्द लिहून झाले, तर मजकूर इंग्रजीतल्या हजारांपेक्षा बराच जास्त झालेला असतो.

आता तारखा. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीवर टेकलेलं आहे. अंक छपाईला जायचे म्हणून अनेक संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर मागतात. आपण जूनची अखेर धरू. 4,000 शब्दांच्या कथेला पहिल्या खर्ड्यासाठी 14 बैठका, म्हणजे 7 आठवडे. मग 2 आठवडे तिच्याकडे बघायचंही नाही. पुनर्लेखनाला पुन्हा 7 आणि शुद्धलेखनाला 1. झाले 17 आठवडे. फेब्रुवारीच्या मध्याला सुरुवात केली, तर जूनच्या मध्याला कथा तयार होते आणि पंधरवडा हाताशी राहतो. सप्टेंबरात सुचलेली कथा पुढच्या दिवाळीची.

पुनर्लेखनात इथे राहणाऱ्यांनी एक खास चाळणी लावावी. फाइलमध्ये 'एक' आणि 'द्वारे' हे शब्द शोधा. 'तो एक डॉक्टर आहे' यातला 'एक' इंग्रजीतून आलेला पाहुणा आहे, 'तो डॉक्टर आहे' एवढं पुरतं. 'समितीद्वारे ठरवण्यात आलं' याचं 'समितीनं ठरवलं' करा. मग मोठ्यानं वाचा. जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य मोडा.

टंकलेखनाचंही बघून ठेवा. हिंदी कळफलकावर 'दुसऱ्या'चं सहज 'दुसर्या' होतं, रफार डोक्यावर चढतो. 'ॲ' दोन प्रकारे टंकता येतो, दिसायला सारखाच. पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. मराठी कळफलक निवडा आणि मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. काही छापखाने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून सोबत पीडीएफ पाठवा आणि मुद्रित, म्हणजे छपाईआधीचं प्रूफ, मागून घ्या.

चहाच्या टेबलाशी वर्षाची कोरी कॅलेंडरं ठेवली आहेत. बटाटेवडा एका हातात, पेन दुसऱ्या हातात. आधी भारतवारीचे आठवडे खोडा.