स्लो कुकरमधले हॅम-बटाट्याचे कॅसरोल

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे, तो अगदी सोपा असल्याचे सगळेच सांगतात, आणि ते खोटे नाही. हॅमचे तुकडे, बटाट्याचे काप, कांदा, दूध आणि चीज स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, थराथराने रचायचे, झाकण ठेवायचे, बटण फिरवायचे आणि सहा-सात तासांनी वाढायला घ्यायचे. तरीही हा सोपा पदार्थ मी पहिल्यांदा केला तेव्हा तो पार फसला होता. सात तास वाट पाहून झाकण उघडले, तर भांड्यात फाटलेल्या दुधाच्या कण्या तरंगत होत्या, आणि बटाट्याच्या फोडीत सुरी घातली तर ती निम्म्यावरच अडली. हॅमचे मात्र तोपर्यंत दोरे झाले होते. चूक नेमकी कुठे झाली याचा मी बरेच दिवस विचार केला, आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की या पदार्थात आपण हॅम शिजवत नसतो, आपण बटाटा शिजवत असतो. हॅम केवळ सोबतीला असते.

हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचे, मिठात मुरवलेले मांस. बाजारात मिळणारे बहुतेक हॅम मुरवून, धुरावून आणि शिजवूनच विकले जाते. असे हॅम फक्त गरम व्हायचे असते, तेवढ्यासाठी सहा तासांची मुळीच गरज नसते. पाकिटावर ते पूर्ण शिजवलेले आहे की शिजवून खायचे आहे, हे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ते वाचून घेणे आवश्यक आहे, कारण रंगावरून काहीच कळत नाही. मुरवताना वापरलेल्या नायट्राइट या क्षारामुळे हॅम शिजल्यावरही गुलाबीच राहते. कच्चे हॅम असेल, तर त्याच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस तापमान यावे आणि त्यानंतर ते तीन मिनिटे तसेच राहू द्यावे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक आहे. मात्र आजच्या पदार्थासाठी शिजवलेलेच हॅम घ्यावे, आणि मोठ्या हॅममधले उरलेले असेल तर फारच उत्तम. त्याचे हाड हाती लागले, तर तेही टाकू नका. ते भांड्याच्या तळाशी ठेवले, तर सॉसला जी चव येते ती कोणत्याही मसाल्याने येत नाही.

आता या यंत्राविषयी थोडेसे. स्लो कुकरची मूळ कल्पना अमेरिकेतले संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांची. १९४० मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. लिथुआनियात आपल्या आईच्या लहानपणी ‘चोलेंट’ नावाचा पदार्थ कसा होत असे, हे त्यांनी तिच्याकडून ऐकले होते. मांस, बीन्स आणि बटाटे यांनी भरलेले मडके संध्याकाळी बेकरीत नेऊन ठेवायचे, आणि विझत चाललेल्या भट्टीच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजू द्यायचे, अशी ती रीत होती. पुढे नॅक्सन यांची कंपनी रायव्हल या कंपनीने विकत घेतली, आणि १९७१ मध्ये तेच उपकरण ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचले. सांगायचे एवढेच, की या भांड्याच्या जन्मकथेतही बटाटा पहिल्यापासून हजर आहे.

भांड्याची रचना साधी असते. बाहेरच्या कवचात, बहुतेक वेळा बाजूंनी, तापणारी तार फिरवलेली असते, आत जाड चिनी मातीचे भांडे बसते आणि वर घट्ट झाकण असते. अनेकांची अशी समजूत असते की ‘लो’वर पदार्थ कमी तापतो आणि ‘हाय’वर जास्त. प्रत्यक्षात बहुतेक कुकरमध्ये दोन्ही बटणांवर पदार्थ अखेरीस उकळीच्या जवळपास येतो. फरक असतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. ‘हाय’वर तीन-चार तास पुरतात, ‘लो’वर सात-आठ लागू शकतात. माझा पहिला बटाटा बिघडला तो नेमका या मधल्या वेळात.

बटाटा मऊ होतो म्हणजे काय होते, हे जरा निवांतपणे पाहू या. त्यातला स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो. एवढ्याने बटाटा शिजत नाही, कारण त्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, आणि हे पेक्टिन सैल पडायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते. मांस ७० अंशांवर तयार असते, बटाटा त्याच तापमानावर कच्चा असतो, याचे कारण हे. आणखी एक भानगड अशी, की ५० ते ७० अंशांच्या पट्ट्यात बटाट्यातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होऊन पेक्टिनमध्ये बदल घडवते, मग ते कॅल्शियमशी जखडले जाते आणि पेशींची पकड ढिली होण्याऐवजी अधिकच घट्ट होते. गार दूध, फ्रीजमधले हॅम आणि बटाट्याच्या जाड फोडी भांड्यात घालून ‘लो’ लावले, की पदार्थ याच पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. अशा बटाट्याला मग कितीही वेळ द्या, तो हट्टीपणा सोडत नाही. आंबट पदार्थही हेच करतात. मी तर सुरुवातीलाच वाटीभर सावर क्रीम, अर्थात आंबवलेली साय, ओतली होती, म्हणजे बटाट्याची बाजू मीच भक्कम करून दिली होती.

उपाय साधे आहेत. बटाट्याचे काप चार ते पाच मिलिमीटर जाडीचे आणि शक्यतो एकसारखे करावेत. सॉस गरमच ओतावा, आणि पहिला तासभर कुकर ‘हाय’वर ठेवून मग ‘लो’वर आणावा. ज्यांना जाड फोडीच आवडतात, त्यांनी त्या आधी उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून, निथळून, गरम असतानाच भांड्यात घालाव्यात. त्या पट्ट्यातून बटाटा झपाट्याने पलीकडे गेला, की पुढचे काम सुरळीत होते. बटाटा पिठूळ जातीचा नसावा, कारण तो सॉसमध्ये विरघळून जातो. कमी स्टार्चचा, कापल्यावर ओलसर आणि गुळगुळीत दिसणारा बटाटा कापाचा आकार टिकवतो. हिरवी झाक असलेला किंवा मोड आलेला बटाटा मात्र घेऊच नये. हिरवेपणा स्वतः विषारी नसला, तरी अशा बटाट्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही.

कागद-पेन्सिल जवळ असेल, तर आता प्रमाण लिहून घ्या. पाच-सहा लिटरच्या कुकरसाठी, साधारण सहा माणसांना पुरेल असे, सव्वा किलो बटाटे, ४०० ग्रॅम हॅम, दोन मध्यम कांदे, ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा, ६०० मिलिलिटर सायीसकट दूध आणि २०० ग्रॅम चेडर चीज घ्यावे. याशिवाय एक चमचा तयार मोहरीची पेस्ट, अर्धा चमचा मिरपूड आणि चिमूटभर सुके थाइम, म्हणजे एका सुगंधी वनस्पतीची वाळलेली पाने, लागेल. मिठाचे प्रमाण मी विसरलेले नाही, ते मुद्दाम दिलेले नाही. हॅममध्ये आणि चीजमध्ये मीठ भरपूर असते, आणि पदार्थ शिजता शिजता ते सगळीकडे पसरते. चव पाहून लागलेच, तर ते अगदी शेवटी घालावे.

हॅमचे दीड-दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत. सँडविचसाठी मिळणाऱ्या पातळ चकत्या इथे उपयोगाच्या नाहीत. काही हॅममध्ये वजन वाढवण्यासाठी पाणी भरलेले असते. तसे वाटले, तर तुकडे कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटे परतावेत, म्हणजे पाणी आटते आणि कडा खरपूस होतात. स्लो कुकरमध्ये खरपूसपणा कधीच येत नाही, कारण त्याला उकळीच्या बऱ्याच वरचे तापमान लागते. जे काही लालसर करायचे, ते आधी बाहेर करून घ्यावे.

सॉस करताना मात्र घाई नको. पातेल्यात लोणी वितळवून बारीक चिरलेला कांदा पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर परतावा. त्यात मैदा घालून दोन मिनिटे, त्याचा कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग न बदलू देता भाजावा. मग कोमट दूध थोडे थोडे घालत सारखे ढवळत राहावे. पहिल्या दोन-तीन डावांना मिश्रणाचा घट्ट गोळा होतो आणि करणाऱ्याचा धीर सुटू लागतो. तिथे दूध एकदम ओतण्याचा मोह आवरावा, कारण गुठळ्या होतात त्या तेव्हाच. सगळे दूध मिळून आले, की एक उकळी काढावी. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर बसला आणि त्यातून बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली, की सॉस जमला असे समजावे. यात मोहरी, मिरपूड आणि थाइम घालावे. सॉस थोडा दाट वाटला तरी चालेल, कारण झाकणाखाली पाणी आटत नाही, उलट बटाटे आणि हॅम यांना थोडे पाणी सुटतेच.

मैद्याचा हा खटाटोप का, नुसते दूध ओतले तर काय बिघडते, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. नुसते दूध तासन्‌तास गरम राहिले आणि त्यात हॅमचे मीठ मिसळले, की त्यातली प्रथिने एकत्र येऊन कण्या धरू लागतात. आंबट काही असेल, तर हे अधिकच लवकर होते. मैद्यातला स्टार्च त्या प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना बिलगू देत नाही. साय काढलेले दूध सर्वांत लवकर फाटते, म्हणून पथ्याच्या नावाखाली ते वापरू नये. पथ्य करायचेच असेल, तर एक घास कमी खाणे बरे. डब्यातले आटवलेले, बिनसाखरेचे दूध पुष्कळ खंबीर असते, आणि वेळ नसेल तर त्याचा आधार घ्यायला हरकत नाही.

भांड्याला आतून लोणी फासावे. तळाशी आणि कडेने बटाटे लावावेत, कारण उष्णता तिथूनच येते आणि तिची गरज बटाट्याला सर्वांत जास्त आहे. त्यावर हॅम, त्यावर सॉस, पुन्हा बटाटे, असे दोन किंवा तीन थर लावावेत. सर्वांत वरचा थर सॉसचा असावा आणि बटाट्याचा एकही काप कोरडा राहू नये, कारण उघडा राहिलेला काप काळवंडतो. भांडे निम्म्याहून अधिक आणि दोन तृतीयांशाच्या आसपास भरलेले असावे. गोठवलेले हॅम थेट घालू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि गोठलेला तुकडा संपूर्ण भांड्याला त्या टप्प्यात अडकवून ठेवतो.

त्यानंतर एक तास ‘हाय’वर आणि पाच ते सहा तास ‘लो’वर, किंवा सगळा वेळ ‘हाय’वर साडेतीन ते चार तास द्यावेत. या काळात करण्यासारखे काम एकच आहे, ते म्हणजे काही न करणे. काचेच्या झाकणावर आतून पाण्याचे थेंब जमतात आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते, मग हात आपोआप झाकणाकडे जातो. दर वेळी झाकण उघडले, की कोंडलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याला वीस ते तीस मिनिटे अधिक लागतात. चार वेळा डोकावले, तर जेवण दीड-दोन तास पुढे गेले. उत्सुकता आवरत नसेल, तर झाकण जागच्या जागी थोडे फिरवावे. थेंब ओघळतात आणि आतले दिसते.

शेवटच्या तासात सुरीचे टोक भांड्याच्या मध्यभागी, मधल्या थरात घालून पाहावे. कडेचा बटाटा आधी शिजतो, त्यामुळे तिथे पाहून फसगत होते. सुरी विनासायास उतरली, की मगच किसलेले चीज वर पसरावे आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. चीज सुरुवातीपासून घातले, तर दीर्घ उष्णतेने त्यातली चरबी वेगळी होते आणि वर तेलाचा तवंग येतो. वड्यांच्या रूपातले चीज आणून घरी किसलेले बरे, कारण आधीच किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि ते तितके सुरेख वितळत नाही. मटारचे दाणे घालायचे असतील, तर तेही याच वेळी घालावेत. सावर क्रीम आवडत असेल, तर तिची पाळीही आता, बटाटा पूर्ण शिजल्यावर.

कुकर बंद केल्यावर झाकण काढून पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. लगेच वाढले, तर ताटात सॉस पळतो. थोडे निवले, की स्टार्च घट्ट होतो आणि डाव घातल्यावर थर थरासारखा उचलला जातो, वर चीजची पिवळी साय आणि मधून गुलाबी तुकडे डोकावणारा.

उरले तर दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे, आणि तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रीझरमध्ये ठेवू नये, बटाट्याला पाणी सुटून तो भुसभुशीत होतो. उरलेले पुन्हा गरम करायचे ते शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये, आतपर्यंत ७४ अंश होईल असे. स्लो कुकर त्यासाठी वापरू नये, कारण तो तापायलाच फार वेळ घेतो. आणि चिनी मातीचे ते गरम भांडे, कडेला चिकटलेले चीज निघावे म्हणून, लगोलग गार पाण्याखाली धरू नका. माझे पहिले भांडे तसेच तडकले. आधी पूर्ण निवू द्या, मग कोमट पाणी भरून रात्रभर तसेच ठेवा. सकाळी चीज बोटानेही सुटते.

नमस्कार.