पांझरेचा फड

श्रोतेहो, नमस्कार.

फड म्हटले की कुणाला तमाशा आठवतो, कुणाला ऊसतोडणी. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी मात्र फड म्हणजे पाटाच्या पाण्याची वाटणी. साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागातून निघून धुळे शहरामार्गे तापीला मिळणाऱ्या या नदीवर, तसेच नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम या नद्यांवर, शेतकऱ्यांनीच सुमारे 300 वर्षे चालवलेल्या या पद्धतीविषयी आज बोलायचे आहे.

पात्रात खडक लागेल अशी जागा पाहून दगड-चुन्याचा बुटका बंधारा घातलेला असतो. त्याचे बुटकेपण महत्त्वाचे आहे. एका अंगाने कालवा निघतो, पूर आला की तो बंधाऱ्याच्या माथ्यावरून निघून जातो, कालव्यात जास्तीचे शिरलेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत येते आणि त्याच पाण्यावर खालच्या गावाचा बंधारा भरतो. एकाच नदीवर एकाखाली एक असे अनेक बंधारे नांदले, ते यामुळेच.

कालव्याखालची जमीन साधारणपणे तीन-चार फडांत, म्हणजे तुकड्यांत, विभागलेली असते आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, असा दंडक असतो. यंदा ज्या फडात ऊस, तिथे पुढे फेरपालटाने दुसरे पीक येते. पाऊस कमी झाला तर किती फड भिजवायचे हे गाव आधीच ठरवते. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तरी झळ एकट्यादुकट्याला बसत नाही. पाण्यावरून भाऊबंदकी कोर्टात गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मांडणीतले शहाणपण वेगळे सांगायला नको.

आपल्या शेताला आपणच पाणी घ्यायचे नाही, हा आणखी एक नियम. ते काम पाटकऱ्याचे आणि बारेकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याकडे आणि या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. चारीच्या तोंडाशी वाकून पाटकरी फावड्याने दोन ओढी माती घेतो, दगड टेकवतो, वर पाचटाची पेंडी ठेवून टाचेने दाबतो. पाणी क्षणभर घुटमळते आणि शेजारच्या वाफ्याकडे वळते. वर्षानुवर्षे हेच करणाऱ्याला कोणत्या वाफ्याचा उतार कसा आहे, हे शेतमालकापेक्षा अधिक ठाऊक असते. कालव्यातला गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी ही कामे मात्र लाभधारकांनी मिळून करायची. त्यासाठी सरकारी माणसाची वाट पाहायची रीत नव्हती.

ही घडी विस्कटली ती एकाएकी नव्हे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर वीजपंप बसले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी लागले त्याला फडाचे पीक पाळण्याचे कारण उरले नाही. त्याचा दोष फक्त त्याच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. उसाचा पैसा दिसत असताना फेरपालटासाठी थांबायला कुणाला परवडते? पण नदीकाठच्या विहिरी उपसल्या की पात्रात पाझरणारे पाणी आटते, आणि पावसाळा सरल्यावर फड चालत असे तो मुख्यतः त्याच पाझरावर. जिथे बंधारे अजून वापरात आहेत, तिथल्या पाटकऱ्याला उन्हाळा जवळ आला की पात्रातल्या धारेबरोबरच धरणाच्या आवर्तनाच्या तारखेकडेही डोळे लावून बसावे लागते.