स्लॅबच्या दिवशी दुबईचा फोन

(दृश्य: पहाटेचा नाशिकचा मखमलाबाद रस्ता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्येच उघडे कॉलम.)

सकाळचे सात. दुबईत साडेपाच. नानांनी मोबाईल हात लांब करून धरलाय, पलीकडे मुलगा अजून उशीवरच आहे. आज पहिला स्लॅब.

"नाना, जरा डावीकडे घ्या. हं, दिसतंय. मस्त बांधलंय लोखंड."

मस्त बांधलंय की नाही, ते तासाभराने ठरेल. स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम अजून यायच्या आहेत.

(दृश्य: पायाच्या खोदाईची जुनी मोबाईल चित्रफीत.)

हे चार महिन्यांपूर्वीचं. या प्लॉटवर आधी बाग होती. माती काळी, वेलींना चांगली, घराला लहरी. पावसात फुगते, वैशाखात अशी भेगाळते की हाताचा पंजा आत जावा. तिच्यावर पाया टेकवला की घर तिच्या तालावर वरखाली होतं आणि एक दिवस खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ठेकेदाराला पाच फूट खोल पुरे वाटत होतं. पक्का मुरूम लागला नऊ फुटांवर. निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नका, हे नानांनी ठेकेदाराला तीनदा सांगितलं. ती तिथेच ढिगाने पडलेली असते, मुरमाच्या गाडीला मात्र पैसे पडतात.

मुलाने तिकडून एक गोष्ट लावून धरली होती. दुबईत पायाला सल्फेटला टिकणारं खास सिमेंट घालतात, मग आपल्याकडे का नको? प्रश्न रास्त होता. तिकडे किनारपट्टीत थोडं खणलं की खारं पाणी लागतं. त्यातलं सल्फेट सिमेंट पोखरतं, क्लोराईड सळई गंजवतं. उन्हाच्या कहरात तिथे काँक्रीटही रात्री ओततात. नाशिकच्या काळ्या पाषाणावर हे दुखणं सहसा नसतं. इथली दुखणी वेगळी.

त्यातलं एक लोकांच्या ध्यानीमनीही नसतं. २०१६ च्या भारतीय मानकात नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. अहमदाबादही त्याच विभागात. २६ जानेवारी २००१ ला धरणी हलली कच्छमध्ये, भचाऊजवळ. पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसी इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींना खाली मोकळं पार्किंग होतं, वर भिंतींनी भरलेले मजले. मुलाने पाठवलेला नकाशा पाहा: खाली दोन गाड्या, वर घर.

म्हणून कॉलमवरून महिनाभर वाद झाला. नऊ इंची कॉलम भिंतीत लपतो, हॉलमध्ये कोपरा पुढे येत नाही. मॅडमनी ३०० मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण बारा इंचांच्या खाली यायला साफ नकार दिला. दुबईहून रागारागाने फोन आले. कोपरा पुढे आला.

(दृश्य: रिंग वाकवणारे हात, जवळून.)

ही रिंग. कॉलमच्या उभ्या सळयांना कवेत घेणारी. हिचं टोक काटकोनात वळवलं तर काम भराभर होतं. पण मोठा हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट गळतं, रिंग उघडते, सळया फाकतात. टोक १३५ अंशांत आत वळवलं की ते कॉलमच्या पोटात रुतून राहतं. हा नियम तिसऱ्या विभागालाही लागू आहे. तरी पहिल्या लॉटच्या सगळ्या रिंगा काटकोनीच आल्या होत्या. मिस्त्रींचं म्हणणं, "वीस वर्षं असंच करतोय, एक घर पडलं नाही." या वीस वर्षांत नाशिकला मोठा धक्काही बसला नाही, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

(दृश्य: मॅडम शिडीने स्लॅबवर चढतात. हातात टेप.)

मॅडम थेट बाल्कनीकडे गेल्या. फोनमध्ये मघाशी सगळ्यात सुंदर दिसली होती तीच.

साधा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. ओझ्याने मधोमध खाली झुकतो आणि ताण त्याच्या तळाला येतो, म्हणून मुख्य लोखंड तळाशी. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली, पुढचं टोक अधांतरी. तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून लोखंड वरच हवं. आणि त्याच वरच्या सळयांवरून सकाळपासून पंधरा माणसं ये-जा करत होती. जाळी वर उचलून धरणाऱ्या चेअर, म्हणजे सळईच्या घोड्या, मोजून दोन. जाळी दबत दबत पार सेंट्रिंगच्या, म्हणजे खालच्या तात्पुरत्या साच्याच्या प्लेटला टेकली होती.

वरून पाहिलं तर सळया तेवढ्याच, अंतरही बरोबर. मोबाईलला जाळी दिसते, जाळीची खोली दिसत नाही. मॅडमनी टेप आत घातला, आकडा वाचला आणि खाली हाक मारली, "मिक्सर थांबवा."

पुढचे दोन तास गडी सळया उचलून चेअर बांधत होते. सळई साच्यापासून वर ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी सरकवलेली खडीही निघाली. ठेकेदार गप्प होता. नाना चहा सांगायला गेले, कारण दुसरं काही सुचेना.

मुलगा फोनवर होताच. म्हणाला, "मी तर सगळं बघितलं होतं."

(दृश्य: काँक्रीट ओतणं सुरू.)

दहा वाजता काम लागलं. एक घमेलं फारच पातळ आलं. दुबईहून कौतुक, "वा, काय छान पसरतंय!" मॅडमनी त्याच क्षणी मिक्सरवाल्याला पाण्याचा डबा खाली ठेवायला लावला. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट हाताला सोपं जातं आणि वाळल्यावर तेवढंच पोकळ राहतं.

(दृश्य: स्लॅबवर आळी, त्यांत साठलेलं पाणी, आभाळाचं प्रतिबिंब.)

मग पाणी. राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी. नाना रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः पाईप धरून उभे. नवव्या दिवशी ठेकेदार टेकू काढायला आला. प्लेटा त्याला आडगावच्या साईटवर हव्या होत्या. इथला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरहून मोठा, म्हणजे चौदा दिवसांच्या आत हात लावायचा नाही. बाल्कनीखालचे टेकू त्याहून जास्त दिवस. नानांनी फोन काढला. या वेळी दुबईला नाही, मॅडमना लावला. ठेकेदार रिकाम्या हाती परतला.

(दृश्य: प्रयोगशाळा. दाबयंत्रात काँक्रीटचा ठोकळा.)

अठ्ठाविसावा दिवस. स्लॅबच्या वेळीच भरलेला पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा. एम-२५ ही या काँक्रीटची प्रत, म्हणजे याने ५७ टनांहून जास्त दाब सोसायला हवा. नाना काचेबाहेर उभे, टोपी हातात. काटा चढतो. ५७ ओलांडतो. आणखी चढतो, मग कट्‌कन आवाज.

"फुटला?" नाना दचकून विचारतात.

"फुटायलाच ठेवला होता, काका. पास आहे."

खिशातला मोबाईल वाजतो. मुलाचा संदेश: बाल्कनीच्या टाइल्सचे सहा फोटो, आणि खाली, "नाना, यातली कुठली घेऊ?"