‘मी तशी नाही हं, पण…’

अध्यक्षमहाराज, आणि एवढ्या उकाड्यात दोन जिने चढून आलेल्या मंडळींनो,

कमला हॅरिस हरल्यापासून गावात जो भेटतो तो मला विचारतो, “गोऱ्यांनी पाडलं ना तिला?” माझं उत्तर ऐकायच्या आत स्वतःच मान डोलावतो. २००८ साली ओबामा निवडून आला तेव्हा हीच मंडळी मला फोनवर सांगत होती, “चला, अमेरिकेतला वर्णद्वेष संपला.” ही दोन्ही वाक्यं मला सारखीच खुपतात. म्हणून वाचनालयाने विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं, वंश, पूर्वग्रह आणि मतदार. मत म्हणजे मनाच्या स्वच्छतेचा दाखला नव्हे, एवढंच मला सांगायचंय. काळ्यांबद्दल मनात अढी असलेला माणूस काळ्या उमेदवाराला मत देतो. आठ वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या टोकाला जातो. अढी मात्र होती तेवढीच असते. याबद्दलचं संशोधन मी पुढे वाचलं, पण त्याआधी हे एका स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी ते सांगते, मग मुद्द्यावर येते.

२००८ साली मी न्यू जर्सीत, एडिसनला राहत होते. ओक ट्री रोड तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी पाहिलाच असेल. गणपतीत आरती माइकवर व्हायची आणि प्रसादाच्या रांगेत राजकारण चालायचं, अगदी आपल्या चौकातल्यासारखं. त्या वर्षी रांगेत माझ्यापुढे एक काका होते, तीस वर्षं तिथे काढलेले. हातात खिरापतीचा द्रोण. म्हणाले, “ओबामा काही येत नाही. गोरा माणूस सर्वेवाल्याला हो म्हणतो आणि पडद्याआड नाही म्हणतो. याला ब्रॅडली इफेक्ट म्हणतात.” सगळ्यांनी माना हलवल्या. गोरे कसे ढोंगी, यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं.

आता ऐका. त्याच काकांनी त्याच उन्हाळ्यात तळघरातली खोली भाड्याने द्यायला काढली होती. मी त्यांच्याकडे चहाला बसले असताना फोन आला. समोरच्या माणसाचा आवाज दोन वाक्यं ऐकला आणि काका म्हणाले, “सॉरी, खोली गेली.” फोन ठेवून आम्हाला म्हणाले, “काळा होता. आपण तसे नाही, पण उगाच कटकट कशाला?” खोली पुढे दोन महिने रिकामी पडून होती. आणि हे एकट्या काकांचं नाही. मुलीने गोरा आणला तर चालेल, चिनी आणला तरी बघू, पण… असं म्हणून आमच्या बायका थांबायच्या. वाक्य पुरं करायची गरजच नसायची. काळ्या लोकांना आपल्या घरांमध्ये कोणत्या नावाने बोललं जातं ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याच भाषेत, त्याच देशात बसून, आम्ही हे बोलत होतो. मला याचा राग येतो. अजून येतो. मुलांच्या लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, उजळ’ छापणाऱ्या समाजाने अमेरिकन मतदाराचं मन वाचायला बसू नये असं नाही, पण बसताना आपलं मनही शेजारी उघडं ठेवावं.

असो. गणपती गेले आणि लगेच लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. ऑफिसात लोक खोकी घेऊन घरी जायला लागले. न्यू जर्सीत ओबामा येणार हे ठरल्यासारखंच होतं, म्हणून आमच्याकडचे स्वयंसेवक शनिवार-रविवार पेनसिल्व्हेनियात जायचे. मीही गेले. दोन तासांवर विल्क्स-बॅरी, लुझर्न काउंटी. हा दगडी कोळशाचा मुलूख. पोलिश, स्लोव्हाक, लिथुएनियन, वेल्श, इटालियन, सगळे खाणीसाठी आलेले. १९५९च्या जानेवारीत सस्क्वेहाना नदी फुटून नॉक्स खाणीत घुसली, बारा माणसं गेली, त्यांचे देहही मिळाले नाहीत, आणि त्या भागातला खोल खाणींचा धंदाच आटोपला. मग बायका शिलाईच्या कारखान्यांत जाऊन घर चालवू लागल्या. पुढे तेही काम स्वस्त मजुरीच्या मागे निघून गेलं. एप्रिलमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत या काउंटीतल्या चारपैकी जवळजवळ तिघांनी ओबामाला नाकारून हिलरी क्लिंटनला मत दिलं होतं. आम्हाला मुद्दाम तिथेच पाठवलं होतं.

हातात क्लिपबोर्ड, त्यावर घरांची यादी, प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे पक्का ओबामा, पाच म्हणजे ओबामाविरुद्ध उभा असलेला मॅकेन पक्का, तीन म्हणजे कुंपणावरचा. चढाचा रस्ता, खेटून घरं, पडवीत हॅलोविनचे भोपळे. एका घराची घंटा वाजवली. जाळीच्या दारामागे सत्तरीची बाई, फुलाफुलांचा झगा. तिने माझा बिल्ला पाहिला, मग माझं तोंड पाहिलं.

“तो तुझा नातेवाईक का गं?”

मला हसू आलं. ती हसली नाही. मी म्हटलं, “नाही हो, मी भारतातली.”

“म्हणजे तोही तिकडचाच ना?”

“त्याचे वडील केनियाचे. आई कॅन्ससची.”

“कॅन्ससची? गोरी?”

“हो.”

तिने कडी काढली.

आत पुढच्या खोलीत नवरा खुर्चीत बसलेला, नाकात ऑक्सिजनची नळी, टीव्हीवर फुटबॉल. तरुणपणी खाणीत होता, फुप्फुसात कोळसा बसलेला. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवर चुंबकाखाली एक पाकीट अडकवलं होतं, न फोडलेलं. माझी नजर गेली तशी ती म्हणाली, “निवृत्तीच्या पैशांचं आहे. फोडत नाही. फोडलं की हा रात्रभर जागतो.” मग स्वतःबद्दल सांगायला लागली. कारखान्यात बत्तीस वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवल्या. बोलता बोलता तिने माझ्या जाकिटाची कॉलर उलटून शिलाई पाहिली आणि नाक मुरडलं. मला माझी आत्या आठवली.

मग म्हणाली, दोन घरं सोडून न्यूयॉर्कहून नवे लोक आलेत. रात्री गाणी लावतात. पूर्वी दाराला कुलूप लागत नव्हतं, आता लावावं लागतं. “मी तशी नाही हं, पण या लोकांना सगळं आयतं हवं असतं. माझ्या आईबापांना कोणी काही दिलं नव्हतं. पोलिश म्हणून लोक हिणवायचे. राबले आणि वर आले. यांनीही राबावं.”

मी गप्प. क्लिपबोर्डवर पेन पाचच्या आकड्यावर टेकवलं होतं. तिने ते पाहिलं आणि माझा हात धरून एकावर नेला.

“एक लिही. एप्रिलात मी हिलरीला दिलं, याला द्यायला मन घेईना. पण तो मॅकेन परवा सांगत होता, अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे म्हणून. कुणाचा पाया?” तिने फ्रिजकडे हात केला. मग पुढच्या खोलीकडे मान करून हळूच म्हणाली, “तो पाच आहे. आणि अंगणात ती पाटी लावू नकोस, शेजारीण माझ्या चर्चमधली आहे. तिला कळायला नको.”

मंडळी, मी पायऱ्या उतरले तेव्हा माझं डोकं गरगरत होतं. काकांचा सिद्धांत सांगत होता की लोक वर्णद्वेष लपवतात. ही बाई वर्णद्वेष चहाबरोबर मांडत होती आणि लपवत होती काय, तर काळ्या माणसाला दिलेलं मत! लाज दोन्ही दिशांनी असते. आपण कुणाच्या कानांसमोर बोलतोय त्यावर ती ठरते. मला आज मुख्य सांगायचं ते हेच, पण अध्यक्षांनी दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी सरकवली आहे, तेव्हा बाकीचं भरभर सांगते.

टॉम ब्रॅडली. लॉस एंजेलिसचा काळा महापौर, १९७३ पासून सलग पाच वेळा निवडून आलेला. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. जनमत चाचण्या म्हणाल्या जिंकणार, मतदानाच्या दिवशीचे अंदाजही तेच म्हणाले, आणि एक लाखाहून कमी मतांनी हरला. तेव्हापासून म्हणायला लागले, गोरे खोटं बोलले. पण केंद्रावर जाऊन दिलेल्या मतांत ब्रॅडली पुढेच होता. त्याला मागे खेचलं टपालाने आलेल्या मतांनी, आणि ती मतदानाच्या दिवशीच्या अंदाजांत धरलीच नव्हती. शिवाय त्याच दिवशी पिस्तुलांवर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव मतदानाला होता, त्यामुळे बंदुकवाले बाहेर पडले होते. खोटं बोलणारे नव्हतेच असं मी म्हणत नाही. १९८९ साली व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचा काळा उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत चांगला पुढे होता आणि सात हजारांहून कमी मतांनी कसाबसा आला. पण २००८ मध्ये ओबामाच्या बाबतीत राष्ट्रीय चाचण्या बऱ्यापैकी बरोबर निघाल्या.

मला ब्रॅडलीच्या आयुष्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६९ साली तो महापौरपदासाठी तेव्हाचा महापौर सॅम यॉर्टीविरुद्ध उभा होता. पहिल्या फेरीत ब्रॅडलीला ४२ टक्के, यॉर्टीला २६. मग यॉर्टीने भीती घातली, हा आला तर जहालांचं राज्य येईल, पोलीस नोकऱ्या सोडून जातील. ब्रॅडली स्वतः एकवीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस! शहरातल्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीतली दंगल होऊन चारच वर्षं झाली होती, भीती लागू पडली, ब्रॅडली हरला. १९७३ साली तेच दोघे, तेच शहर, काळ्यांची लोकसंख्या पाचातल्या एकाहूनही कमी, आणि ब्रॅडली जिंकला. चार वर्षांत गोऱ्यांची मनं धुऊन निघाली का? डोनाल्ड किंडर आणि डेव्हिड सिअर्स या दोघांनी उपनगरातल्या गोऱ्या मतदारांचा याच दोन निवडणुकांच्या वेळी अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष ऐका. आपली मुलं काळ्यांच्या शाळेत जातील का, शेजारी कोण येईल, गुन्हे वाढतील का, या प्रत्यक्ष धोक्यांचा मतावर फारसा परिणाम दिसला नाही. परिणाम होता तो ‘हे लोक राबत नाहीत, फुकट मागतात’ या नैतिक रागाचा. पुढे किंडर यांनी लिन सँडर्स यांच्यासोबत त्या रागाची प्रश्नावली केली. त्यातलं एक विधान असं आहे की आयरिश, इटालियन, ज्यू हे सगळे तिरस्कार सोसून स्वतःच्या कष्टाने वर आले, काळ्यांनीही तसंच यावं, खास सवलती नकोत. ते वाचलं तेव्हा मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. माझ्या कॉलरवाल्या बाईने हेच सांगितलं होतं, फक्त आयरिशच्या जागी पोलिश.

आता ओबामाचे आकडे. २००८ मध्ये त्याला गोऱ्यांची ४३ टक्के मतं मिळाली. २००४ मध्ये जॉन केरी या गोऱ्या उमेदवाराला ४१. म्हणजे वंशाची किंमत शून्य? नाही. त्या वर्षी बँका बुडत होत्या, सत्ताधारी पक्षाची लाट उलटी फिरली होती, कुणालाही जास्त मिळायला हवी होती. सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी लोक गूगलवर एकांतात काळ्यांबद्दलचे शिवीगाळीचे शब्द कुठे जास्त शोधतात ते पाहिलं आणि हिशेब मांडला की या द्वेषापायी ओबामाची चारेक टक्के मतं गेली. वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग, ओहायोचा पूर्व भाग या यादीत वर आहेत. देशभर वारं ओबामाच्या डेमोक्रॅट पक्षाकडे वाहत असताना अर्कान्सा, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्यं उलट दिशेला सरकली. तिकडे इंडियाना १९६४ नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅटांकडे आलं. दोन्ही एकाच रात्री.

लुझर्न काउंटीने ओबामाला २००८ मध्ये दिलं, २०१२ मध्येही दिलं, आणि २०१६ मध्ये ट्रम्पला जवळजवळ वीस टक्क्यांच्या आघाडीने. पुष्कळांनी विचारलं, इतका द्वेष आला कुठून? आला कुठूनच नाही, तो स्वयंपाकघरात चहा पीत बसलेला होता. २००८ च्या निवडणुकीने विचारलं होतं, त्या पाकिटाचं काय? २०१६ च्या निवडणुकीने विचारलं, ही गल्ली कुणाची? त्या भागातच, हेझलटनमध्ये, २००६ सालीच बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्याने देणाऱ्यावर दंडाचा ठराव झाला होता. दुसरा प्रश्न तिथे केव्हाचा तयार होता, फक्त मोठ्याने विचारणारा हवा होता.

घंटा वाजली, कळलं मला. दोन मिनिटं.

४ नोव्हेंबरला मी पुन्हा विल्क्स-बॅरीला होते. मतदान केंद्रात बसलेला आमचा माणूस कुणाकुणाचं मत झालं ते कळवायचा आणि आम्ही यादीतली नावं खोडायचो, म्हणजे उरलेल्यांच्या दारी जाता येई. साडेअकराला त्या बाईचं नाव खोडलं. त्याखालचं तिच्या नवऱ्याचंही, कारण दोघं एकाच वेळी आले होते. केंद्रावरच्या मुलाने सांगितलं की नळी आणि सिलिंडर सांभाळत म्हातारा रांगेत उभा राहिला, तिने त्याची कॉलर नीट केली आणि मग दोघं आपापल्या पडद्याआड गेले. माझ्या कागदावर एकापुढे एक होता आणि दुसऱ्यापुढे पाच.