शेवटच्या डीपीपर्यंत

हे रावेरकडचं केळीचं शिवार, मे महिना, दुपारचे साडेबारा. डीपीची, म्हणजे शेतातल्या या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐका जरा. आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम चालू आहेत, कारण या उन्हात केळीचं पाणी चुकलं की पान करपलंच म्हणून समजा.

आपल्याकडे वाटतं दीपनगरचं वीज केंद्र तर जवळच, भुसावळला, लांबूनही चिमण्या दिसतात, म्हणजे लाइट शेजारचीच. पण ती वीज आधी लाखावर व्होल्टला चढते, मग टप्प्याटप्प्याने ३३ हजार, ११ हजार अशी उतरत सबस्टेशनला येते आणि तिथून पुढे ही बघा, ही लोंबकळणारी तार, बांधावरून, नाल्यावरून, पार शेवटच्या डीपीपर्यंत. वाटेत तार तापते. ही वीज कोणी आकडा टाकून नेलेली नाही, ती नुसती उष्णता होऊन हवेत गेली. आणि करंट दुप्पट झाला की गळती दुप्पट नाही, चौपट होते! उलट ६० अँपिअरचे ३० झाले की गळती एकदम पावावर येते.

म्हणून सोलर पॅनल कुठे बसवलं हे फार महत्त्वाचं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, चांगलाच आहे, पण तिथली वीजही तारेवरूनच फिरते. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत छोटे प्लांट गावाजवळच्या सबस्टेशनला जोडले जातायत, त्याने सबस्टेशनच्या मागची गळती वाचते, खरं आहे. पुढची तार मात्र तेवढीच तापते, कारण मोटारींचा सगळा करंट तिथूनच जातो ना. तेच पॅनल फिडरच्या, म्हणजे सबस्टेशनवरून निघालेल्या या लाइनच्या शेपटाला, मोटारींच्या शेजारी लावलं तर? दुपारी ऊन कडक, मोटारीही चालू, वीज तिथेच तयार आणि तिथेच खर्च.

पावसाळ्यात मोटारी बंद असताना ऊन पडलं तर वीज उलटी सबस्टेशनकडे चालते, गळती पुन्हा वाढते, व्होल्टेज चढतो, म्हणून प्लांट त्या फिडरच्या लोडाच्या मापाचाच हवा.

आता हा शेवटचा डीपी. व्होल्टेज पडला की मोटार जास्त करंट ओढते, गरम होते, वाइंडिंग जळतं. या पेटीवरचे काळे डाग त्याचेच. आता स्टार्टरचं हिरवं बटण दाबलंय... पाइपाच्या तोंडाकडे बघा.